मागच्याचा तुकडा

दुपारची हाक आली तेव्हा सुंदरबाई उद्याच्या भाकरीचं पीठ चाळत होती. तिनं चाळणी थांबवली, पदर कानामागं सारला आणि श्वास धरून बसली.

"बार हाऽऽय! खाली कोन हाय का रेऽऽ?"

आवाज विहिरीकडून आला. चर्चच्या मागं, बाभळींच्या पलीकडं ती अर्धवट खोदलेली विहीर होती आणि वीस-बावीस वर्षांत या घरातलं कोणी तिच्या काठाला गेलं नव्हतं. हाक पुन्हा आली, मग तिसऱ्यांदा आली. त्यानंतर सगळं असं गपगार झालं की कोंबड्यासुद्धा माना वर करून उभ्या राहिल्या.

तिची धाकटी जाऊ छबुबाई चुलीपुढं बसली होती. तिनंही ऐकलं होतं, पण ती मान खाली घालून लाकडं पुढं सारत राहिली. दिवाळीपासून ही हाक येत होती आणि दोघींनी तिच्याबद्दल एकमेकींशी एक अक्षर काढलं नव्हतं. एका चुलीवर जेवणाऱ्या बायका शेजारणीच्या म्हशीपासून पाळकाच्या बायकोच्या साडीपर्यंत सगळं बोलतात, आणि बोलायलाच हवं ते मुकाट्यानं गिळून बसतात.

गावात विचारायला दुसरं होतं तरी कोण? दिवाळी झाली की गाव उसाला जातं. घरांना कुलपं लागतात, कुलपांवर धूळ बसते, आणि भर दुपारी गल्लीतून चाललं तर आपल्याच चपलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो. अशा गावात हाक आली तर ती कोणाची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सुंदरबाईनं ठरवून टाकलं होतं. हाक शिमोनची होती, तिच्या धाकट्या लेकाची, त्याच विहिरीत सुरुंगानं गेलेल्याची.

दुसऱ्या कोणाला अशा हाकेनं घाम फुटला असता. सुंदरबाईला बरं वाटायचं. सकाळी उठल्यापासून ती दुपारची वाट बघायची, आणि आपण वाट बघतो हे कोणाला कळू नये म्हणून काहीतरी निवडत-पाखडत बसायची.

एवढ्यात दाराशी टेम्पो थांबला. थोरला अमरसिंह अंबाजोगाईहून आला होता, आणि त्याच्यासोबत छबुबाईची लेक ऋतुजा, जी तिथल्या एका दवाखान्यात नर्स होती. दोघांचे चेहरे बघूनच सुंदरबाईनं ओळखलं की वाटेत काहीतरी शिजलंय. एरवी हे दोघं भाऊ-बहीण टीव्हीच्या चॅनलवरूनही भांडायचे. आज एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

"माय, उद्याची पाळी दुसऱ्या घराला दे," अमरसिंह पाणीसुद्धा न पिता म्हणाला. "पाळकसायबाला म्या सांगतो, माय आजारी हाय म्हनून."

"म्या धडधाकट हाय."

"मंग काका दारात बसंल, आन् तुला पहिला तुकडा त्याच्या हातावर ठिवावा लागंल. ठिवशील?"

सुंदरबाईनं चाळणी पुन्हा हलवायला घेतली. हा सगळा आबांचा उपद्व्याप होता. आबा म्हणजे तिचे आजेसासरे, या घराण्यातले पहिले ख्रिस्ती. गावजेवणात त्यांना उकिरड्याच्या कडेला बसवायचे आणि पंगती उठल्यावर उरलंसुरलं वाढायचे. पुढं आपली चर्चची मंडळी झाली, आपलं प्रभुभोजन सुरू झालं, तेव्हा आबा पाळकांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, इथं वाढायला सुरुवात मागून होईल. तेव्हापासून या गावात प्रभुभोजनाला ज्वारीची भाकरी असते. घरं ती पाळीपाळीनं करतात, आणि पहिला तुकडा सगळ्यात मागं बसलेल्याला मिळतो. तो कोण आहे हे विचारायचं नाही, आणि द्यायचा तो भाकरी करणारीनं स्वतःच्या हातानं. नवा पाळक पहिल्यांदा बिचकतो, मग सरावतो. पोरं तर मागच्या बाकासाठी एकमेकांना ढकलतात.

गेल्या प्रभुभोजनाला सगळ्यात मागं अभिमन्यू बसला होता. उंबऱ्याच्याही बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी. सुंदरबाईचा सख्खा दीर, छबुबाईचा नवरा, ऋतुजाचा बाप. इतकी वर्षं कुठं कुठं साखर कारखान्यांवर राहून दिवाळीत परत आला होता आणि चर्चमागच्या खोपटात एकटा राहत होता. त्या दिवशी भाकरी दुसऱ्या घरची होती. त्या बाईनं तुकडा पुढं केला, तर त्यानं हात मागं घेतले. "वयनीच्या हातचा मिळाला तर खाईन," एवढंच बोलला.

"वयनीच्या हातचा!" अमरसिंह आता ओरडला. "त्याच हातांनी शिमोनला गोळा केलं व्हतं माय तू. इसरलीस?"

"अमर!" छबुबाई चुलीपासून म्हणाली.

"काकू, तुमी बोलू नका."

विसरायचं काय होतं त्यात? तो रविवार होता. सुरुंगाचं मशीन भाड्यानं आणलेलं, सोमवारी परत द्यायचं होतं, आणि विहिरीत एक थर उडवायचा राहिला होता. रविवारी काम करायचं नाही, हा मंडळीचा नियम. अभिमन्यूनं मग चोरून काम उरकायचं ठरवलं. सुरुंग पेटवण्याआधी काठावरून तीनदा 'बार हाय' अशी हाक द्यायची असते आणि खालून-वरून माणसं मोजून 'समदे वर' असं उत्तर आलं की मगच वातीला काडी लावायची. पण पलीकडं उपासना चालली होती. हाक ऐकू गेली तर पाळकसाहेब विचारतील, मंडळी नावं ठेवील. म्हणून हाक न देताच त्यानं वात पेटवली. बार उडालेला मात्र कोणाला ऐकू येणार नाही असं त्या शहाण्याला वाटलं असावं! काकाला एकट्याला काम पडू नये म्हणून शिमोन उपासनेतून हळूच उठून गेला होता. पहार आणायला तो खाली उतरलाय, हे अभिमन्यूला ठाऊक नव्हतं.

सुंदरबाई चर्चमध्ये गाणं म्हणत होती. धमाका झाला, खिडकीची तावदानं थरथरली, आणि तिनं गाणं पुरं केलं. तेवढं एक कडवं तिला आजही घशात अडकल्यासारखं वाटायचं.

"मोठी माय," ऋतुजा शांतपणे म्हणाली, "मी तेव्हा पाळण्यात होते. तो माणूस पळून गेला आणि तू मला वाढवलंस, माझ्या आईला घरात ठेवलंस. ज्याच्यामुळं तुझा मुलगा गेला त्याच्या पोरीला तू घास भरवलेस. आणखी किती क्षमा करायची एका बाईनं? मी म्हणते, दार लावून घ्या."

सुंदरबाईनं छबुबाईकडं पाहिलं. "तू का गप? नवरा तुजा हाय."

छबुबाईनं हात झटकले आणि उठून उभी राहिली. "नवरा हाय म्हनूनच गप हाय, आक्का. म्या काय बी बोलले तर ते माज्या कुंकवासाठी बोलले व्हईल. तू दार लाव म्हनलीस तर म्याच कडी घालीन. तू उघड म्हनलीस तर म्याच उघडीन. मला तुजी जाऊ म्हनून ऱ्हायचंय."

अमरसिंह हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "लई चांगलं. आन् रोज दुपारी गावाला भेव घालतो त्याचं काय?"

"कोन?" सुंदरबाईनं विचारलं.

"कोन म्हंजी? काका. गहिनीनाथ बकऱ्या घिऊन गेलता तिकडं, त्यानं बघितलंय. विहिरीच्या काठावर हुबा ऱ्हातो आन् बार हाय, बार हाय म्हनून वरडतो. येडं लागलंय त्याला."

सुंदरबाईच्या हातातून चाळणी परातीत पडली. पीठ उडून तिच्या तोंडावर आलं, ते तिनं पुसलंही नाही. या घरातल्या पुरुषांचे आवाज सगळे एका घशातून निघाल्यासारखे, हे ती विसरली होती. किंवा विसरायचं ठरवून बसली होती. इतके दिवस ज्या हाकेसाठी ती जगत होती ती त्याची होती. शिमोन दुसऱ्यांदा गेला, आणि दोन्ही वेळा अभिमन्यूनंच नेला.

ती उठली आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडली.

उन्हं कलली होती. बाभळींखालून जाताना तिला जाणवलं की पाखरं नाहीत. एकही नाही. विहिरीच्या कडेला सुरुंगानं फेकलेले दगड अजून तसेच पडले होते आणि त्यांच्यात कोवळं गवतसुद्धा उगवलं नव्हतं. अभिमन्यू काठावर उकिडवा बसला होता. केस पांढरे, गुडघे हनुवटीपाशी. तिची चाहूल लागताच तो उठला आणि तीन पावलं मागं सरकला.

"सलाम, वयनी."

"तू वरडतूस हितं?"

"हाव."

"कावून? माज्या जिवाला डागण्या द्यायला?"

"न्हाई वयनी." त्याचा आवाज खोल गेला होता. "त्या दिशी जी हाक द्यायची ऱ्हायली ती देतो. रोज देतो. तिकडं कारखान्यावर बी द्यायचो, लोक हसायचे. मंग वाटलं, हितं येऊन दिली पायजे."

"आन् पोरगं उत्तर देतं व्हय तुला?"

तिला टोमणा मारायचा होता. पण अभिमन्यूनं विहिरीकडं पाहिलं आणि त्याच्या मानेवर काटा उभा राहिलेला तिला दिसला.

"एकदा आलं. परवाच्या दिशी. म्या हाक दिली आन्..." तो थांबला. "उत्तर न्हाई आलं. हाकच आली. माज्या मागून. माजीच हाक, पन म्या तोंड मिटल्यावर. म्या मागं बघितलं तर कोन न्हाई."

"घुमला असंल आवाज."

"विहिरीतला आवाज विहिरीतून घुमतो, वयनी. ही वरून आली. हितून, जमिनीवरून."

सुंदरबाईला खाली डोकावायचं नव्हतं, तरी ती डोकावली. हिरवं पाणी होतं, त्यावर शेवाळ, आणि पाणी जराही हलत नव्हतं. वारा असूनही हलत नव्हतं. तिला वाटलं, आपण या काठावर नाही, खाली त्या पाण्याशी उभ्या आहोत आणि वर आभाळाचं गोल भोक दिसतंय. तिनं चटकन डोळे काढून घेतले.

"ऐक," ती म्हणाली. "आजपून हाक द्यायची न्हाई. माज्या लेकाची तेवढी एक चीज व्हती माज्याकडं, ती बी तू खोटी केलीस. उद्या दारात बसायचं न्हाई."

"हाक न्हाई देनार. येशूची आन." त्यानं हात जोडले. "पन दारात बसू दे वयनी. तुकडा नगं. तू दिऊ नको. आतली गानी ऐकू येतात तितवर बसतो. मला दुसरीकडं कुटं जागा न्हाई."

ती माघारी वळली. घरी आली, पीठ झाकून ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून पडली. तिला क्षमा येत नव्हती, ही साधी गोष्ट होती. लहानपणी मिशनच्या शाळेत शिकवलं होतं की मनात कोणाविषयी अढी ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही. ती अढी सुटत नव्हती, म्हणून इतकी वर्षं ती आपल्या पाळीला भाकरी करायची आणि स्वतः खायची नाही. पाळक बदलले, कोणी समजावलं, कोणी दटावलं. ती म्हणायची, खोटं खाण्यापेक्षा उपाशी बरी. एका अर्थी तीही दाराबाहेरच बसली होती, फक्त पुढच्या बाकावर.

रविवारी पाळकसाहेब मोटारसायकलवरून आले. चर्चमध्ये मोजकी म्हातारी माणसं, दोन-चार पोरं आणि हे घर. उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी अभिमन्यू बसला होता, मांडी घालून, डोळे मिटून. अमरसिंह दाराच्या चौकटीला टेकून असा उभा राहिला की बाप गेल्यावर आता तोच घरचा पुरुष आहे हे सगळ्यांना दिसावं. ऋतुजा त्याच्या बाजूला. छबुबाई मध्यावर, धड ना पुढं ना मागं.

पाळकांनी वचन वाचलं, चार शब्द बोलले. प्रभूनं मेजावर बोलावताना कोणाला गाव विचारलं नाही, काम विचारलं नाही, काल काय केलंस हेही विचारलं नाही, असं काहीसं म्हणाले. सांगणं सोपं असतं. मोटारसायकलवर बसून परत जायचं असतं. मग त्यांनी भाकरीवरचं पांढरं फडकं काढलं, प्रार्थना केली आणि हळूच म्हणाले, "सुंदरबाई, तुमच्यानं होत नसेल तर मी देतो."

"पाळी माजी हाय," ती म्हणाली आणि ताट घेतलं.

बाकांमधून दारापर्यंतची वाट एरवी चार ढांगांची. आज ती संपेना. ती दाराशी आली तेव्हा अमरसिंहनं हात आडवा धरला.

"माय, फीर माघारी."

"हात काढ."

"शिमोनची आन हाय तुला."

तिनं ताट छातीशी धरलं. उंबऱ्यापलीकडं अभिमन्यूनं डोळे उघडले होते, पण हात पुढं केले नव्हते. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून धरले होते. तिला त्याचे पांढरे केस दिसले आणि मनात काहीही हललं नाही. दया आली नाही, राग आला नाही. ती वळणार होती. खरंच वळणार होती, पाय उचलला होता तिनं.

"बार हाऽऽय! खाली कोन हाय का रेऽऽ?"

अमरसिंहचा हात खाली पडला. सगळ्यांनी अभिमन्यूकडं पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि चेहरा राखेसारखा झाला होता. हाक बाभळींच्या पलीकडून आली होती.

"कोन हाय बे तिकडं?" अमरसिंह ओरडला, पण दारातून हलला नाही. पाळकसाहेबांच्या हातातला पेला मेजावर टेकला. कोणीतरी म्हातारी 'प्रभू, प्रभू' करू लागली.

"बार हाऽऽय!"

दुसरी हाक. ऋतुजानं आत सरकून आपल्या आईचा दंड पकडला. सुंदरबाई मात्र मान कलती करून ऐकत होती, रोज दुपारी ऐकायची तशी. आवाज तरुण होता. त्यात भीती नव्हती, दुःख नव्हतं. कामावरचा गडी जसा सरळ, जरा घाईनं विचारतो तसा तो विचारत होता.

आणि तिच्या लक्षात आलं. इतके दिवस ती समजत होती की लेक खाली आहे, अंधारात, तिला बोलावतोय. पण हाक देणारा खाली नसतो. हाक देणारा वर असतो, काठावर, उजेडात. खाली कोण राहिलंय हे तो विचारत असतो. शिमोन केव्हाच वर आला होता. खाली राहिलं होतं दुसरंच कोणी. हा दारातला पांढऱ्या केसांचा माणूस, हात आडवा धरणारा अमर, कधी ना पुढं ना मागं बसणारी छबू, बापाला माणूस म्हणणारी पोर. आणि ती स्वतः, सगळ्यात खोल.

तिसरी हाक आली. त्यानंतर उत्तर द्यायचं असतं.

उत्तर दिलं की हाक थांबणार, हे तिला कळत होतं. उद्या दुपारी काही येणार नाही, परवाही नाही. मरेपर्यंत दुपारी नुसत्या दुपारी असतील. तिचे डोळे भरून वाहू लागले. पोरा, आणखी एकदा विचार ना, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण गडी काठावर ताटकळत उभा असला की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

सुंदरबाईनं दाराबाहेर पाऊल टाकलं, बाभळींकडं तोंड केलं आणि म्हाताऱ्या छातीत होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडली, "आलो रेऽऽ! समदे वर आलो!"

बाभळीच्या शेंड्यावरून एक पाखरू उडालं. मग कुठं काही नाही.

ती खाली बसली, चपलांच्या ढिगात, अभिमन्यूच्या समोर. भाकरीचा तुकडा मोडला. "हात काढ," ती म्हणाली. तो हात काढेना. रडत होता आणि मान हलवत होता. "काढ म्हनते ना. किती वाढूळ धरू म्या?"

त्यानं तळवे पुढं केले. तिनं तुकडा ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हातांनी मिटवली. ती बोटं थंडगार होती. अमरसिंह तोंड फिरवून टेम्पोकडं चालू लागला, अर्ध्यात थांबला, तिथंच पाठमोरा उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नाही. छबुबाई उठून त्याच्यासाठी एक तुकडा वेगळा काढून फडक्यात बांधू लागली.

सुंदरबाईनं आणखी एक तुकडा मोडला आणि तो हातात धरून बसली. पाळकसाहेब दारात येऊन उभे होते. तिनं तो तुकडा तोंडात घातला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. मनात अजून सगळं साफ झालं नव्हतं, कोपऱ्यात बरंच काही पडून होतं, आणि ते तसं घेऊनच ती चावत राहिली. डोळ्यांचं पाणी गालांवरून तोंडात येत होतं. भाकरी मधे जरा कच्ची राहिली होती.

"कशी झालीय?" तिनं अभिमन्यूला विचारलं.

त्यानं नुसती मान डोलावली.

"खोटं बोलू नको," सुंदरबाई म्हणाली आणि सरकून त्याच्या शेजारी, दाराकडं तोंड करून बसली.